शोकेसचं दुखणं

६ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.
ताजी बातमी: माझं कोलेस्टेरॉल ३१२. दुजोरा डॉ. राइन्डर्स यांनी दिला, स्वतः फोन करून. दोनशेच्या आत हवं म्हणाल्या. लांब नावाची आणखी एक चरबी आहे, तिचा आकडा याहून मोठा. तो मी लिहून घेतला नाही.
जिल्ह्याच्या दैनिकात अडतीस वर्षं बातम्यांचं टेबल सांभाळलं. एवढं कळतं की स्रोत एकच असेल तर बातमी आतल्या पानावर घ्यायची. म्हणून इथे लिहिली, बायकोला सांगितली नाही. टाल्के उगाच घाबरते.
मुद्दा चरबीचा नाहीच. मुद्दा १५ फेब्रुवारीचा आहे. क्लबची कोबीची सहल. कालव्याच्या कडेने साडेसात किलोमीटर पायी, आणि शेवटी खानावळीत हिरवा कोबी, बेकन, पिंकेल सॉसेज. सव्वीस वर्षं बाटल्यांची हातगाडी सगळ्यांच्या पुढे राहून मी ओढली आहे. सत्ताविसाव्या वर्षी ती मेहुण्याच्या, फोल्कर्टच्या, हातात जाऊ द्यायची नाही. गेल्या वर्षी फोल्कर्ट सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दम लागला तर सांगा हं, संपादकसाहेब." मी संपादक कधीच नव्हतो. त्याला ते माहीत आहे.
संकल्प: रोज लांगेश्ट्रासे, म्हणजे गावातला दुकानांचा रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणे. ६२० मीटर. आठवड्याने दुप्पट. डेडलाइन मी आयुष्यात चुकवलेली नाही.

७ जानेवारी, मंगळवार.
चाललो. कानाच्या मशीनच्या दुकानापर्यंत उत्तम. तिथे डावी पोटरी आवळून आली, कोणी मुठीत धरून पिळावी तशी. थांबलो. योगायोगाने शोकेसही बघण्यासारखी होती. नवी मशीनं फार बारीक आली आहेत. तीन मिनिटांत पोटरी मोकळी.
निदान: बूट.

९ जानेवारी, गुरुवार.
नवे बूट. पोटरी त्याच जागी, कानाच्या मशीनपाशी. नवे बूट अजून सैल व्हायचेत.
लोणी आजपासून पातळ लावायचं ठरवलं. पावाचे काप चार होते, पाच केले, कारण पातळ लोण्याने पोट भरत नाही.
रस्त्याच्या पलीकडे फोल्कर्ट दिसला. लोकरीच्या दुकानासमोर उभा राहून आत बघत होता. त्याला विणता येत नाही. मी हात केला नाही, त्यानेही केला नाही.
दुरुस्ती: मंगळवारी "६२० मीटर चाललो" असं टाल्केला सांगितलं. ते १५० होते, जाऊन-येऊन ३००.

१३ जानेवारी, सोमवार.
रक्त पुन्हा तपासायला दिलं. पहिला आकडा लॅबची चूक असू शकतो हे मीच सुचवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जरूर, पण बारा तास उपाशी या, पोटरीचंही बघू.
उपाशीच गेलो. सकाळी सहाला अर्ध्या पावावर थोडा डुकराचा कच्चा खिमा-कांदा खाल्ला होता, पण तो उभ्याने. टाल्के विचारत होती कुठे निघालास, तेव्हा खात खात निघावं लागलं, नाहीतर तिला संशय आला असता.

१६ जानेवारी, गुरुवार. ११.३०.
डॉक्टरबाईंकडून आत्ताच आलो. अतिशय चिडलो आहे. क्रमाने लिहितो.
एक. रक्ताची नळी थोडा वेळ ठेवल्यावर वरचं पाणी स्वच्छ दिसायला हवं, माझं दुधासारखं पांढुरकं झालं, असं लॅबने कळवलं. काही खाल्लं होतं का, विचारलं. मी म्हणालो, नाही. आमच्या भागात चांगल्या दुधाला साय धरते आणि त्याचं कौतुक होतं, हेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत.
दोन. ब्लडप्रेशर घोट्याला मोजलं. नवी फॅशन असावी. घोट्याचं दंडापेक्षा बरंच कमी निघालं. माझं प्रेशर कायम जास्त म्हणून बोंब होती, आता कमी निघालं तर म्हणे हे काही चांगलं नाही. या लोकांना नक्की काय हवं असतं?
तीन. कागदावर नळीचं चित्र काढलं. रक्तात चरबी फार दिवस जास्त राहिली की ती रक्तवाहिनीच्या भिंतीत साठत जाते आणि आतली वाट अरुंद होते. बसल्या जागी पोटरीला पुरेसं रक्त पोचतं. चालायला लागलं की पोटरी जास्त प्राणवायू मागते, तो अरुंद वाटेने येत नाही, म्हणून ती ओरडते. थांबलं की मागणी कमी, ओरडणं बंद. त्यात रक्त असं सायीचं असेल तर केसाएवढ्या बारीक नळ्यांतून ते आणखी रेंगाळत जातं. "आणि ब्रुंकेन साहेब, पायाच्या नळ्या अशा झाल्या असतील तर हृदयाच्या तशाच राहिल्या असतील असं समजू नका."
चित्र बरं होतं. बाण जास्त होते.
चार. उपाय म्हणून रोज चाला म्हणाल्या. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, मावळलं की पुन्हा चालायचं. म्हणजे चालल्याने दुखतं आणि दुखण्यावर औषध चालणं. बातमीची अशी कॉपी माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती.
पाच, आणि हे मुख्य. निघताना म्हणाल्या, लोक याला शोकेसचं दुखणं म्हणतात, तुम्हीही थांबत असाल बघा दुकानांसमोर.
शोकेसचं दुखणं. मला. सप्टेंबरात मी दुसरा रेनकोट आणि नोव्हेंबरात बॅरोमीटर घेतला, ही गोष्ट माझ्याशिवाय एका माणसालाच माहीत होती. टाल्के त्यांच्याकडे फ्लूची लस घ्यायला गेली होती. स्रोत उघड आहे. मी खरेदीसाठी हपापलेला माणूस नाही असं सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत आला.

१७ जानेवारी, शुक्रवार.
संकल्प: यापुढे एकाही शोकेसकडे बघायचं नाही. मान सरळ, नजर समोर, चाल झपझप.
झपझप चालल्यामुळे पोटरी नेहमीपेक्षा आधीच धरली, साधारण १२० मीटरवर. थांबणं भाग होतं. दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो तर समोरून येणारे मोईन, मोईन असा नमस्कार करत चेहऱ्याकडे बघायला लागले. रस्त्याकडे तोंड करून स्वस्थ उभा असलेला माणूस आपल्या गावात चांगला दिसत नाही. शेवटी वळलो.
अंत्यविधीवाले ग्रामबेर्ग यांचं दुकान. शोकेसमध्ये तीन अस्थिकलश, एक दिवा, एक सुकलेली फांदी. मांडणी नीटस आहे. ग्रामबेर्ग स्वतः दार उघडून बाहेर आले, हळू आवाजात म्हणाले, सावकाश बघा, कसलीही घाई नाही.

२१ जानेवारी, मंगळवार.
चरबीच्या गोळ्या आणल्या. आतला कागद पूर्ण वाचला, मी सगळं पूर्ण वाचतो. दुष्परिणाम: स्नायू दुखणे. नेमकं हेच तर मला होतंय. ज्या गोळीने पोटरी दुखते ती गोळी पोटरी दुखणाऱ्या माणसाला देतात. म्हणून गोळी सुरू केलेली नाही. डबा बॅरोमीटरच्या मागे ठेवला.
ग्रामबेर्ग यांच्यापाशी दोन मिनिटं. मान डोलावली त्यांनी.

२४ जानेवारी, शुक्रवार.
खरी बातमी माझ्या नाकासमोर होती. शोकेसचं दुखणं गावात एका माणसाला आहे, आणि तो मी नाही. फोल्कर्ट.
आज ग्रामबेर्ग यांच्या पायरीपासून चाळीस मिनिटं निरीक्षण केलं. (अधूनमधून चाललो.) तो लोकरीच्या दुकानासमोर उभा राहिला. मग खेळण्यांच्या. मग, इथे शब्द जपून वापरतो, बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानासमोर, चार मिनिटं. काचेला नाक लावायचंच बाकी होतं. परत निघाला आणि सगळं उलट क्रमाने.
एकूण सहा वेळा. हिल्केला, म्हणजे त्याच्या बायकोला, कळवावं का? दुसरा स्रोत मिळेपर्यंत बातमी राखून ठेवतो. पण त्याच्या हातात गाडी द्यायची नाही याला आता नैतिक आधारही आहे.

२८ जानेवारी, मंगळवार.
घरात वादळ. ग्रामबेर्ग यांनी कॅटलॉग पाठवला, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: तुमची रोजची भेट आम्हाला सन्मानाची वाटते. पाकीट टाल्केने उघडलं.
संध्याकाळी आलो तर ती स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर कॅटलॉग, कलशांचं पान उघडं. तिने तो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मला एकच सांग. हे तू तुझ्यासाठी बघत होतास की माझ्यासाठी?"
मी खुलासा केला की केवळ मांडणी बघत होतो. तिने विचारलं, रोज? मी म्हणालो, शुक्रवारी दोनदा. यावर ती उठून गेली. नंतर न्हाणीघरातून नाक शिंकरल्याचा आवाज आला. म्हणजे ही बाई आठवडाभर बाहेर माझ्या खरेदीच्या व्यसनाची चर्चा करते, आणि घरी मी काहीही विकत न घेता फक्त बघतो म्हणून रडते.
३१२ आकडा सांगून टाकावा असं क्षणभर वाटलं. पण सहलीनंतर सांगू. तेव्हा तो इतिहास झालेला असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार.
कमिटीची बैठक. मी दोन सूचना मांडल्या. पहिली, यंदा कालव्याऐवजी लांगेश्ट्रासेवरून जावं, गावाच्या व्यापाराला उत्तेजन म्हणून. कमिटीतली विब्के म्हणाली, शनिवारी दुपारी दुकानं बंद असतात, उत्तेजन कोणाला देणार? शोकेसना, असं फोल्कर्ट म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. स्वतःलाच ते व्यसन असताना दुसऱ्याकडे रोखून बघायचं म्हणजे कमाल आहे.
दुसरी सूचना, दर १५० मीटरला थांबून एक खेळ आणि एक घोट. साडेसात किलोमीटरला पन्नास घोट होतात असा हिशेब कोणीतरी काढला. रुग्णवाहिकाही सोबत घ्यावी लागेल म्हणाले. तीन थांबे मंजूर.
गाडी कोण ओढणार, हा विषय फोल्कर्टने काढला. दोघांनी मिळून ओढू म्हणाला, आलटून पालटून. मी म्हणालो, मला अर्धी गाडी ओढता येत नाही. त्यावर त्याने विषय सोडून दिला. जिंकलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
फोल्कर्टचं व्यसन सुटत चाललंय असं दिसतं. आज लोकरीवरून थेट पुढे गेला, खेळणी सोडली, अंतर्वस्त्रांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि थांबला तो पार चष्म्याच्या दुकानापाशी. तिथून मला दिसेनासा झाला. हिल्केने झापलं असावं.
मी ग्रामबेर्ग. ११० मीटर. हवेत दमट गारठा होता.

१० फेब्रुवारी, सोमवार.
नवी योजना, आधी सुचायला हवी होती. रोज चालून पाय झिजवण्यापेक्षा ताकद साठवायची. पाच दिवस पूर्ण विश्रांती. खुर्ची, पायाखाली स्टूल. बसल्यावर पोटरी अजिबात दुखत नाही. डॉक्टरबाईंच्या चित्रातही बसलेल्या माणसाला पुरेसं रक्त मिळत होतं, तेव्हा त्यांच्याच शास्त्राला धरून चाललो आहे.
कोबी पचायला जठराला सवय हवी म्हणून काल आणि आज सराव केला. दोन पिंकेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.
तयारी पूर्ण. गाडीच्या चाकांना तेल. बाटल्या चोवीस. गळ्यात अडकवायचे छोटे ग्लास, दोऱ्यांसह, तीस. पोटरी एकदम शांत. आज दिवसभरात एकदाही दुखली नाही. (घराबाहेर पडलो नाही.)
टाल्केने विचारलं, जमेल ना? मी म्हणालो, सव्वीस वर्षं काय जमत नव्हतं? तिने माझा मफलर इस्त्री केला. मफलरला कोणी इस्त्री करत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
कालचा वृत्तान्त. वेळेवर लिहिला नाही. पहिल्यांदाच.
दोनला निघालो. मी पुढे, हातात गाडी, मागे एकोणतीस लोक. गावाच्या पाटीपर्यंत व्यवस्थित. मग कालव्याचा रस्ता.
सव्वीस वर्षं त्या रस्त्याने गेलो, आणि एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. सरळ पाणी, सरळ रस्ता, दोन्ही बाजूला सपाट रान, आणि वर आभाळ. थांबायला एक कारण मिळत नाही.
पहिल्यांदा पोटरी धरली तेव्हा मी पाणी बघायला थांबलो. पाण्याची पातळी वाढली आहे म्हणालो. सगळे थांबले, पाणी बघितलं. दुसऱ्यांदा चाक वाजतंय म्हणून थांबलो. फोल्कर्टने वाकून चाक बघितलं. तिसऱ्यांदा विजेचा डबा होता. त्याच्यावर 'जीवाला धोका' अशी पिवळी पाटी. मी ती वाचत उभा राहिलो. दोन शब्दांत किती वेळ काढणार?  मागच्यांच्या गळ्यातले ग्लास कोटाच्या बटणांवर आपटायचे तेवढाच आवाज.
पुढची खेप साठ मीटरची झाली असेल. मग पाय उचलेना. घाम आला, गारठ्यात.
फोल्कर्ट आला. माझ्या हातातून दांडा घेतला. बाटल्या एका बाजूला सरकवल्या आणि म्हणाला, "बस."
मी म्हणालो, हे शक्य नाही. टाल्के मागून पुढे आली, तिने मफलर माझ्या गळ्याभोवती नीट गुंडाळला, आणि मी बसलो. मांडीवर सहा बाटल्या. उरलेले जवळजवळ सात किलोमीटर मला माझ्या मेहुण्याने ओढलं. तो फक्त ठरलेल्या तीन जागी थांबला. मी मोजत होतो.
खानावळीत ताटं आली. माझ्याच्याने खाववेना. फोल्कर्ट शेजारी बसला. त्याने बेकन बाजूला काढून ठेवलं होतं, हे मी पहिल्यांदाच बघितलं. किती मीटरला धरते, त्याने विचारलं. मी म्हणालो, काय धरते?
"आयलर्ट, दोन वर्षं मी काय लोकर घ्यायला उभा राहत होतो?"
मग त्याने सांगितलं. तीच डॉक्टरबाई, तेच चित्र. सुरुवातीला ऐंशी मीटर. दुखेपर्यंत चालायचं, शोकेसपाशी थांबायचं, मावळलं की पुढची शोकेस. पुढे एक दुकान सोडायचं, मग दोन. अंतर्वस्त्रांच्या दुकानात त्याला आतून खुर्ची देऊ केली होती. गोळी रोज. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की रोज चाललं तर पोटरीत रक्ताला आडवाटा फुटतात. लोक याला म्हणून तर शोकेसचं दुखणं म्हणतात, तुला सांगितलं नाही का त्यांनी? सांगितलं, मी म्हणालो.
आता मला सलग चालता येतं, गेल्या महिन्यात थांबायचो ते काचेत तुला बघायला, तो म्हणाला. आज बोलू, उद्या बोलू करत होतो. पण तू माझ्याकडे असा बघायचास, जसं काही मी चोरी केली आहे.
मग कोबीराजाची निवड. सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मिळतं ते पद, आणि पुढच्या वर्षीची सहल त्यानेच न्यायची असते. माझं ताट भरलेलं होतं. तरी विब्के उठली आणि म्हणाली, आजवरचा एकच राजा गाडीतून आला आहे. सगळ्यांनी हात वर केले. टाल्केनेसुद्धा. डुकराच्या जबड्याचं पदक माझ्या गळ्यात पडलं, इस्त्रीच्या मफलरवर.
घरी आल्यावर टाल्केला ३१२ सांगितलं. तिला माहीत होतं. बॅरोमीटर पुसताना डबा सापडला होता. गोळ्या मोजल्या होत्या तिने, रोज तीसच्या तीस.

दुरुस्ती. टाल्के डॉक्टरांशी माझ्या रेनकोटबद्दल कधीच बोलली नव्हती.
दुरुस्ती. १३ जानेवारीला मी उपाशी नव्हतो.
दुरुस्ती. बूट चांगले आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार. ११.
पहिली गोळी, कॉफीसोबत. टाल्के समोर उभी होती. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावलं.
नऊला फोल्कर्ट चर्चच्या कोपऱ्यावर आला होता. तो माझ्या बाजूने चालला, माझ्या चालीने. त्याला ते कठीण जात होतं. ९५ मीटरवर पोटरी धरली. समोर कुठलीच शोकेस नव्हती, नुसती भिंत. मला पुढे जायचं होतं, निदान काचेपर्यंत. त्याने दंड धरला. "भिंत बघ," म्हणाला. बघितली. तीन मिनिटं दोघांनी मिळून भिंत बघितली. मग ग्रामबेर्ग. त्यांनी दार उघडलं, फोल्कर्टला बघितलं, आणि दोघांसाठी दोन कॅटलॉग आणले.
पुढे काय अपेक्षित: गुरुवारी सकाळी आठला रक्त, या खेपेला खरोखर उपाशी, टाल्के सोबत येणार आहे. उद्या नऊला पुन्हा कोपऱ्यावर. एप्रिलच्या शेवटापर्यंत, फोल्कर्टच्या अंदाजानुसार, मी ग्रामबेर्ग यांच्या दुकानावरून न थांबता पुढे जाईन. त्या अंदाजाला डॉक्टरांचा दुजोरा अजून मिळालेला नाही.